वऱ्हाडातली मोहीम आणि निर्दय कोंबडी

अकोल्याला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या पुण्यातली माणसं आधी विचारतात, "कशाला?" मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "बदली वगैरे नाही ना?" तरुणपणी मी हाँगकाँगला एका पेढीत काही वर्षं कारकुनी केली, तेव्हा मात्र कुणी 'कशाला' विचारलं नव्हतं. मुलूख दूरचा असला की त्याचं कौतुक होतं. आपल्याच भाषेतला असला की शिक्षा वाटते. मीही याच मातीचा. सत्तावन्न सालच्या जानेवारीत आमच्या मुंबईच्या पेढीचे शेटजी "वऱ्हाडात जा" म्हणाले, तेव्हा माझाही चेहरा पडला होता.

काम सोपं होतं. हाँगकाँगच्या एका सूतगिरणीला आपला आखूड धाग्याचा कापूस हवा होता. तो बघायला गिरणीचे खरेदीसाहेब, श्रीयुत लाउ, बोटीनं मुंबईला आले होते. बरोबर त्यांचे म्हातारे कापूसपारखी होते. त्यांना गिरणीत लहानथोर सगळे 'वा-सुक' म्हणतात. सुक म्हणजे काका, म्हणून मीही तीच हाक मारू लागलो. लाउसाहेबांना कँटोनीज आणि थोडं इंग्रजी येत होतं, वा-सुकना कँटोनीज आणि कापूस. या दोघांना वऱ्हाडभर हिंडवायला कँटोनीज बोलणारा मराठी माणूस हवा होता, आणि तसा माणूस सगळ्या फोर्टात मी एकटा. आंधळ्याच्या गायी देव राखतो तो असा.

गाडीत

लाउसाहेब पन्नाशीचे, सडपातळ आणि इतके सभ्य की हमालालाही वाकून नमस्कार करायचे. पण गाडी हलली आणि त्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडू लागले, ते ऐकून मला वाटलं की आपण कापूस घ्यायला नाही, अकोला जिंकायलाच निघालो आहोत.

इतर गिरण्यांच्या आधी बाजारात पोचायचं, याला ते म्हणाले, 'ता थाऊ चान', बिनीला राहून पहिला हल्ला चढवणं. भाव उतरेपर्यंत थांबायचं, याला 'ओन पिंग पात तोंग', सैन्य जागच्या जागी उभं ठेवणं. कचेरीत नवी माणसं भरायची म्हणजे 'चिऊ पिंग माय मा', शिपाई भरती करा आणि घोडे विकत घ्या. गेल्या वर्षी त्यांनी अशी भरती केली होती. चौकशी केल्यावर कळलं की दोन टंकलेखक आणि एक लाकडी कपाट आणलं होतं. कपाट बहुधा घोड्यांत धरलं असावं. संध्याकाळी कचेरी बंद करणं म्हणजे फौज माघारी घेणं. आणि पगाराला तर ते 'छुत लेऊंग' म्हणतात, शिधा वाटणं. कधीकाळी शिपायांना पगाराऐवजी धान्य मिळायचं म्हणे. आता पाकिटात नोटा मिळतात, पण कारकून घरी जाऊन बायकोला 'आज धान्य मिळालं' असंच सांगतो.

मला हसू आलं, आणि लगेच आठवलं की बोरीबंदरावर आमच्या शेटजींनी निरोप देताना "आघाडी सांभाळा, रसद कमी पडू देणार नाही" असं म्हटलं होतं. रसद म्हणजे परतीची तिकिटं आणि चिवड्याचा डबा. तेव्हा हसणं आवरलं. आपल्याकडेही तलवारी गंजून गेल्या, पण शब्दांना रोज धार लावली जाते.

इगतपुरीला जेवण आलं. कोंबडीचा रस्सा होता. लाउसाहेबांनी तो नुसता बाजूला सरकवला आणि भात खाल्ला. वा-सुकनीही सरकवला. मी तिघांच्या वाटणीचा संपवला. हाँगकाँगला मी काय काय खाल्लं, हे आमच्या आईला अजून माहीत नाही, तेव्हा हेही तिला कळवू नये.

जेवण झाल्यावर लाउसाहेब फलाटावर फेऱ्या मारायला उतरले आणि वा-सुक माझ्याजवळ सरकले. म्हणाले, "मला कोंबडी आवडत नाही असं समजू नका. मला ती बघवत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी हाँगकाँगला असताना ऐकलं होतं, पण थट्टेवारी नेलं होतं. त्यांच्या नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी मालक किंवा त्याच्या जागी बसणारा साहेब सगळ्या नोकरांना एका टेबलाशी जेवायला बसवतो. मध्ये कोंबडीचं ताट. सगळे हसत असतात, बोलत असतात, पण डोळे त्या ताटावर. मालकानं स्वतःच्या हातानं ज्याच्या वाडग्यात कोंबडीचा तुकडा ठेवला, त्याची नोकरी संपली. बोलायचं काही नाही, विचारायचं काही नाही. तो माणूस तुकडा खातो, आभार मानतो आणि उद्यापासून येत नाही. या तुकड्याला 'मोऊ छिंग काय' म्हणतात, निर्दय कोंबडी.

"माझा जावई कौलूनला शेवयांचं दुकान चालवतो," वा-सुक म्हणाले. "तो कधीपासून ये म्हणतो. उपाशी मरणार नाही मी. पण जन्मभर ज्या टेबलाशी बसलो, तिथून सगळ्यांच्या देखत तुकडा खाऊन उठायचं, ते मला नको. माझी बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. साहेबांना ते कळलंय. नववर्षाला तीन आठवडेसुद्धा नाहीत."

मी त्यांना धीर दिला. धीर देणं फुकटचं असतं, म्हणून आपण ते सढळ हातानं करतो.

अकोला

अकोल्याच्या स्टेशनावर जीप घेऊन आबासाहेब हजर होते. हे तिथले देशमुख, शहराबाहेर त्यांचा जिन-प्रेस आहे. म्हणजे कापसातली सरकी काढायची आणि रुई दाबून गाठी बांधायच्या, असा कारखाना. माणूस आडवातिडवा, मिशा दांडग्या, आवाज गाठी दाबणाऱ्या यंत्रावर मात करणारा. जीपमध्ये चढताना त्यांना खाली लाकडी पाट ठेवावा लागतो.

"या जी या!" त्यांनी मला मिठीच मारली. "गाडी लेट होती का? अन् तुमी एवढे वाळले काहून बाप्पा? पुन्यात जेवाले देत नाई का?"

मी म्हटलं, "देतात, पण विचारून देतात."

"तिथंच तं घोळ हाय!" आबासाहेब म्हणाले. "जेवाचं कोनाले विचाराचं असते का?"

शहरातून जाताना पानठेल्यावरच्या लोकांनी पाहुण्यांचे चेहरे पाहून 'हिंदी-चिनी भाई भाई'चा गजर केला. लाउसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांचं घरदार मुख्य चीनमधून पळून हाँगकाँगला आलेलं. भाऊबंदकीचा अनुभव दांडगा, त्यामुळे भाई या शब्दाची त्यांना धास्ती. वा-सुकनी मात्र उभं राहून दोन्ही हात हलवले. त्या दिवसापासून अकोल्यात म्हाताऱ्याचा भाव चढला आणि साहेबांचा तिथंच राहिला.

आमची उतरायची सोय कारखान्यातल्याच पाहुण्यांच्या खोल्यांत होती. लाउसाहेबांनी बॅग उघडून आधी एक तसबीर टेबलावर मांडली. तांबडालाल चेहरा, पोटापर्यंत दाढी, हातात लांब दांड्याचं पातं. पुढे उदबत्ती लावली.

"हे कोन देव होय?" आबासाहेबांनी विचारलं.

मी सांगितलं की हे क्वान कुंग. फार वर्षांपूर्वी मोठे सेनापती होते, आता यांच्याकडे दुकानांचं आणि व्यापाराचं खातं आहे.

आबासाहेबांनी तसबिरीला हात जोडले. "बराबर हाय. आमी लक्ष्मी पुजतो, थे चंचल. एक जागी बसतच नाई. सेनापती असला म्हंजे पहाऱ्यावर तरी उभा राह्यते."

संध्याकाळी बोलणी सुरू झाली आणि माझं काम अगदी हलकं झालं. आबासाहेब म्हणाले, "मुंबईवाल्या दलालाइनं आमाले वेढा घालून ठेवला हाय, पन औंदा मी थ्याइचं पानिपत करतो." मी तसंच्या तसं कँटोनीजमध्ये सांगितलं, फक्त पानिपताऐवजी 'फौज डोंगरासारखी कोसळेल' म्हणालो. लाउसाहेब खूश झाले. ते म्हणाले की आमचं सैन्य अजून जागचं हललेलं नाही. आबासाहेब म्हणाले, हलू द्या, घोडामैदान जवळच हाय. दोन्ही सेनापतींनी आयुष्यात गोफण फिरवली नव्हती. एकाला पाटाशिवाय जीपमध्ये चढता येत नव्हतं, दुसरा मांजर आडवं आलं तरी बाजूला होऊन त्याला वाट देत होता. पण दोघांची तार जी जुळली, ती पाहून मला वाटलं, व्यापाराला भाषा लागत नाही, लढाई लागते.

वा-सुक या सगळ्यात नव्हते. ते अंगणात पसरलेल्या कापसाजवळ उकिडवे बसले होते आणि एक पुंजका बोटांवर पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते.

अमरावतीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी जीपनं अमरावतीला निघालो. आबासाहेब पहाटेच्या गाडीनं पुढे गेले होते. जीप चालवणारा संपत हा आमच्या या फौजेतला एकटा खरा शिपाई. मोठ्या लढाईत तो बर्मात लष्करी ट्रक चालवायचा. जीपच्या काचेजवळ त्यानं बुद्धाचं कोरं करकरीत चित्र डकवलं होतं.

त्यानं मला विचारलं, "हे म्हातारबाबा बौद्ध होय का जी?"

वा-सुकनी सांगितलं, माझी आई रोज सूत्रं म्हणायची, मला निम्मी येतात.

"मंग तुमी जुने," संपत म्हणाला. "आमी या दसऱ्याचे. पन निम्मी तं मले बी येतात." दोघं एकमेकांकडे बघून हसले. त्यानंतर संपत खड्डा आला की वा-सुकना हातानं खूण करून आधी सांगायचा. आम्हां दोघांना खड्डा आल्यावर कळायचा.

मागे बसून लाउसाहेब आणि मी 'पिछाडी', 'चढाई', 'कोंडी' चालवलीच होती. मी संपतला म्हटलं, "तू तर खरं युद्ध पाहिलंस. तिथेही असंच बोलत होते का रे?"

"नाई जी," संपत म्हणाला. "तिथं एकच शब्द होता. मुंडी खाली."

मी हे भाषांतरित केलं नाही.

अमरावतीचा कापसाचा बाजार म्हणजे पांढऱ्या गाड्यांचं गाव. बैल सोडलेल्या गाड्या ओळीनं उभ्या, मध्ये अडते हिंडताहेत, एकमेकांची आई-बहीण काढून झाली की एकमेकांना चहा पाजताहेत. पुण्याच्या कानाला ते भांडण वाटतं. तिथं त्याला चौकशी म्हणतात. एकानं मला "काहून आले बे इकडे?" असं विचारलं, तेव्हा मी दुखावलो. मग त्यानंच मला बसायला पोतं दिलं, संत्री सोलून दिली आणि माझी मुलं काय शिकतात ते विचारलं.

वा-सुक एकेका गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसत, आतून मूठभर कापूस काढत, तो गालाला लावत आणि धागा दोन अंगठ्यांत ओढून पाहत. गर्दी जमली होती. एका ढिगाशी ते बराच वेळ थांबले आणि मग मान डोलावून म्हणाले, "कोरडा आहे. घ्या."

तो कापूस कोरडा नव्हता. वजन वाढवायला आतून पाणी मारलेलं होतं. लाउसाहेबांनी सहज हात घातला आणि बाहेर काढला तो ओला. आबासाहेबांनी त्या अडत्याची जी खरडपट्टी काढली ती इथं लिहिण्यासारखी नाही, आणि कँटोनीजमध्ये त्यासाठी शब्दही नाहीत. गाड्या परत गेल्या, नुकसान काही झालं नाही.

लाउसाहेबांनी मात्र खिशातून रुमाल काढला, हात पुसला आणि रुमालाची घडी घालून परत खिशात ठेवला. एरवी लहानशा गोष्टीला ज्यांच्याकडे एक लढाई तयार असायची, ते अमरावतीहून अकोल्यापर्यंत गप्प होते. वा-सुक मांडीवर हात ठेवून आपल्या बोटांकडे बघत होते. मला त्या म्हाताऱ्याची फार दया आली. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं.

पातूर

सौदा ठरला. कोण जिंकलं हे मला कळलं नाही, कारण दोघंही आपणच जिंकलो म्हणून एकमेकांचं अभिनंदन करत होते. विजयाप्रीत्यर्थ आबासाहेबांनी पातूरजवळच्या आपल्या शेतात रोडग्यांची पार्टी ठेवली.

आधी पातूरची लेणी पाहिली. कातळात कोरलेल्या थंडगार ओवऱ्या. लाउसाहेब आत डोकावून म्हणाले, "छावणी चांगली आहे." संपत चपला बाहेर काढून आत गेला, आणि त्याच्या मागोमाग वा-सुकही बूट काढून गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा जरा शांत वाटला.

शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर धगधगत होता. रोडगा म्हणजे गव्हाच्या जाड्या पिठाचा गोळा. तो निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची, मुठीनं फोडायचा आणि त्यात तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी, आणि पाहुणे खाणारे आहेत म्हणून मोठ्या गंजात कोंबडीचा लालभडक रस्सा. बांधावर पळसाच्या पत्रावळी मांडल्या. आबासाहेब, पाहुणे, मी, संपत, शेतावरची माणसं अशी पंगत बसली. आमच्या पुण्यात पाहुण्याला 'आणखी घेणार नसालच' असं विचारतात. इथं पाहुणा पत्रावळीवर हात आडवा धरतो आणि वाढणारा त्या हातावरच वाढतो.

रस्सा आला. आबासाहेबांनी गंज स्वतः उचलून लाउसाहेबांपुढे ठेवला आणि पळी त्यांच्या हातात दिली. "साहेब, पह्यले तुमच्या हातानं म्हातारबाबाले वाढा. मालकाच्या हातचं खाल्लं का अंगी लागते. आमच्याकडे असंच असते."

हे मी भाषांतरित केलं. माझं लक्ष रोडग्यावर होतं.

लाउसाहेबांनी पळी हातात घेतली आणि तशीच धरली. मग रस्सा ढवळला. मान आली ती सोडली, पंख आला तो सोडला. शेवटी मांडीचा एक चांगला तुकडा पळीत घेतला आणि डोळे वर न करता वा-सुकच्या पत्रावळीवर ठेवला. पळीतून रस्सा थोडा मातीवर सांडला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण फार उशीर झाला होता.

वा-सुकनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. बसल्या जागीच कमरेत वाकून साहेबांना नमस्कार केला. मग तुकडा उचलला आणि तोंडाशी नेला, पण तो तोंडात जाईना. हात तसाच हवेत राहिला.

"काहून जी?" आबासाहेब घाबरले. "तिखट झालं का?"

मी त्यांच्या कानाशी लागलो आणि सगळं सांगितलं. नववर्षाचं टेबल, मालकाचा हात, निर्दय कोंबडी.

"म्हंजे?" आबासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "आता जेवता जेवता यायले नारळ देला?"

"तसंच."

"भर पंगतीत? माह्या वावरात?" त्यांचा आवाज चढला आणि पंगतीतली माणसं खायची थांबली. "अहो, जेवत्या मानसाले तं दुश्मन बी उठवत नाई! एवढ्या लढाया सांगत होते थे, अन् मानूस काढाले कोंबडी?"

मला वाटलं, आता सौदा मोडतो. मोडला असता तर माझ्या शेटजींनी मलाही घरी बसवलं असतं. पण आबासाहेब उठले. पाट नव्हता, कुणी हात दिला नाही, तरी उठले. त्यांनी गंज काखेत घेतला आणि पहिली पळी आपल्याच पत्रावळीवर उपडी केली.

"घ्या! मी बी आज कामावरून गेलो."

मग ते पंगतीत फिरले. संपतला तुकडा. "तू बी घरी जाय." शेतावरच्या माणसांना तुकडे. "तुमी बी जा." मला दोन तुकडे. "तुमी तं पह्यलेच जायले पायजे होते." वा-सुकपाशी आले आणि त्यांच्या पत्रावळीवर एकामागून एक इतके तुकडे घातले की मांडीचा तो पहिला तुकडा खाली दिसेनासा झाला. शेवटी लाउसाहेबांपुढे उभे राहिले आणि गंजातला सर्वांत मोठा तुकडा त्यांच्या पत्रावळीवर ठेवला.

"सांगा साहेबाले. आता इथं नोकर बी नाई अन् मालक बी नाई. सारे बिनकामाचे. आता निवांत जेवा."

मी सांगितलं. मग वा-सुकना हसू फुटलं. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले आणि खाऊ लागले. त्यांनी हाडंसुद्धा चोखली, रस्सा दोनदा मागितला, रोडगे खाल्ले. लाउसाहेबांनी त्या मोठ्या तुकड्याचा एक घास घेतला आणि त्यांना ठसका लागला. संपतनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

मला तेव्हा आबासाहेबांचा इतका अभिमान वाटला की पुण्याचा असल्याची जरा लाज वाटली. ही लाज मनमाडपर्यंत टिकली.

परत

अकोल्याच्या स्टेशनावर आबासाहेब निरोप द्यायला आले ते तीन शेले आणि तीन नारळ घेऊन. प्रत्येकाच्या खांद्यावर शेला टाकला, हातात नारळ दिला. मला हसू आवरेना. गाडी सुटल्यावर मी दोघांना सांगितलं की आमच्या भाषेत नोकरीवरून काढण्याला नारळ देणं म्हणतात. सन्मानाचाही नारळच, आणि निरोपाचाही.

वा-सुकना हे फार आवडलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं. "एका हातानं देतात की दोन्ही?"

"दोन्ही हातांनी."

"वाकून?"

"वाकून. सभ्य असला तर."

"आणि ज्याला मिळाला त्यानं तो खायचा?"

"घरी नेऊन फोडायचा. सगळ्यांना वाटायचा."

"हे कोंबडीपेक्षा बरं," ते म्हणाले आणि नारळ मांडीवर घेऊन बसले.

लाउसाहेब डोळे मिटून होते. भुसावळला मी चहासाठी उतरलो तेव्हा ते माझ्यामागून आले. मी सरळच विचारलं, "शेतातला तो तुकडा आबासाहेबांच्या आग्रहाचा होता, की तुमचा?"

"माझा," ते म्हणाले. "निघताना मोठ्या मालकांनी सांगितलं होतं, म्हाताऱ्याला आता मोकळं करा. मी म्हटलं, बोटीवर बोलेन. बोटीवर बोललो नाही. मुंबईला बोललो नाही. अमरावतीला तर कारणही मिळालं होतं, तरी बोललो नाही. मी कामाला लागलो तेव्हा कापूस ओढून बघायला त्यांनीच शिकवलं मला. मग तुमच्या देशमुखांनी पळी हातात दिली."

"तुमच्या त्या युद्धाच्या शब्दांत याला काय म्हणतात?" मी विचारलं.

ते बराच वेळ आठवत होते. चहा निवून गेला. "नाही," ते म्हणाले. "यासाठी काही नाही."

मुंबईच्या धक्क्यावर त्यांना सोडायला गेलो तेव्हा आमच्या शेटजींनी 'गड सर केलात' म्हणून लाउसाहेबांचा हात हातात घेऊन हलवला. सामान वर गेलं. लाउसाहेब जिन्याकडे वळणार, एवढ्यात वा-सुक त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. अंगावर आबासाहेबांचा शेला होता. त्यांनी आपला नारळ दोन्ही हातांत धरला, कमरेत वाकले आणि तो लाउसाहेबांच्या पुढे केला.

लाउसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनीही दोन्ही हात पुढे करून तो घेतला. त्यांचा चेहरा त्या तसबिरीतल्या सेनापतीसारखा लाल झाला होता.

"एवढी वर्षं मी ताटाकडेच बघत होतो," वा-सुक म्हणाले. "तुमच्या हाताकडे नीट कधी बघितलंच नाही. परवा शेतात बघितलं. माझ्यापेक्षा तुमचा जास्त कापत होता." त्यांनी शेला सारखा केला आणि साहेबांच्या आधी जिन्याची पहिली पायरी चढले. "नववर्षाला मी कौलूनला जावयाकडे असेन. यंदा तुम्हीही पोटभर कोंबडी खा."